खाटेची दुसरी खेप

साहेब बुटांसकट खाटेवर आडवा झाला आणि म्हणाला, "हं, उचला."

"एक मिनिट, सर!" किंजल ओरडली. ती सुरतेहून बोलावलेली, प्रदर्शन मांडून देणारी बाई. मोबाईल डोळ्यापुढे धरून ती मागं सरकली. "वर टांगलेलं विमान फ्रेममध्ये येत नाहीये. खाट जरा डावीकडे घ्या ना."

लाहू पायथ्याच्या बाजूला उभा होता. खाट त्याच्या बापाची. आठ दिवसांपूर्वी चिकूवाडीवाला प्रवीणशेठ टेम्पो घेऊन वेवजीला पाड्यावर आला आणि ती बोर्डीला घेऊन गेला. आता तिच्या पायांना व्हार्निश मारलं होतं. सुंभ उसवून हिरवी नायलॉनची पट्टी विणली होती. मढ्याला पावडर लावावी तशी दिसत होती.

साहेब रिटायर झालेला वैमानिक. लाहू सात वर्षांचा असताना ह्या साहेबाचं विमान वेवजीच्या डोंगरात पडलं. साहेब हवाई छत्रीनं उतरला, आणि पाड्यावरच्या चौघांनी त्याला ह्याच खाटेवरून हायवेपर्यंत नेलं. आता त्याच्या स्क्वॉड्रनला साठ वर्षं भरत होती. शेठनं आपल्या ट्रस्टच्या हॉलात त्या स्क्वॉड्रनचं म्युझियम काढायचं मनावर घेतलं होतं. भिंतीवर शूरांचे फोटो, वर टांगलेलं फायबरचं विमान, मधोमध खाट. उद्घाटनाला खाट साहेबासकट पुन्हा उचलायची, म्हणून ही तालीम.

लाहू तालमीसाठी आला नव्हता. शेठनं शब्द दिला होता, "खाट दे, तुझ्या आईचं नाव भिंतीवर लावतो." ते नाव बघायला आला होता.

"हे उचलणारे पँट-शर्टात बरे नाही दिसत," किंजल म्हणाली. "लंगोट्या नाहीत का तुमच्याकडे?"

"होत्या, बाई." उशाकडून पांड्या बोलला. पांड्या म्हणजे लाहूचा चुलतभाऊ, तोंडाचा फटकळ. "तुमच्या शाळांनी नेल्या गॅदरिंगला. परत नाय आल्या."

किंजल खळखळून हसली. पांड्या हसला नाही.

लाहू भिंत वाचत होता. आश्रमशाळेत शिकलेला, अक्षराला अडत नव्हता. 'वैमानिकाने प्रसंगावधान राखून विमान निर्मनुष्य डोंगराकडे वळवले. कोणतीही जीवितहानी झाली नाही.' खाली बारीक अक्षरांत : 'खाट – सौजन्य : श्री. लाहू, वेवजी.'

"शेठ, शुक्रीचं नाव कुठंय?"

"अरे, तुझं लावलंय ना! श्री लावून!"

"निर्मनुष्य म्हणजे माणूस नव्हता ना?" पांड्यानं विचारलं. "मग खाट कोणी आणली? वाघानं?"

शेठनं त्याच्याकडे न बघता घाम पुसला.

"शुक्री कोण?" किंजलनं विचारलं.

"माझी आई," लाहू म्हणाला. "शेतात होती. विमानाचं तेल पेटलं ते तिच्या अंगावर आलं. पाड्यात खाट एकच. आधी साहेबाला नेला, सरकारचा माणूस म्हणून. खाट परत येईस्तोवर मी तिच्यावर पळसाचं पान हलवत बसलो."

"मग?"

"मग खाट आली. तोवर ती गेली."

किंजलचा मोबाईल खाली आला. तेवढ्यापुरताच. "सो सॅड," ती म्हणाली. "पण एवढं सगळं पॅनेलवर नाही बसणार."

"लाहू, समज जरा." शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जिल्हा नवा, त्यातलं आपलं म्युझियम पहिलं. शाळांच्या सहली येणार. शुभ कामात मयताचं कशाला? आपण असं करू, तिथं वारली चित्र काढू. तुमची माणसं तारपा नाचतायत, वरून विमान चाललंय. झकास दिसेल."

लाहूनं खांदा काढून घेतला.

"मला आठवतं." साहेब खाटेवरूनच बोलला, डोळे मिटून, गोड आवाजात. "होती एक बाई. फार वाईट वाटलं होतं मला. पण माझ्या पायाला इतकी सूज होती, की काही सुचेना."

"मोडला होता काय पाय, साहेब?" पांड्या.

"मोडला नाही. मुरगळला होता."

साहेबानं तोच पाय दुसऱ्या पायावर टाकला. बुटाचा तळवा लाहूच्या समोर आला. "चला, उचला आता. पाठ आखडली."

लाहूच्या तोंडात कडू पाणी सुटलं. थुंकावं म्हणून त्यानं खाली बघितलं. खाली चकचकीत नवी फरशी. त्यानं गिळलं, आणि पांड्याकडे बघून मान हलवली. शेठच्या चिकूवाडीतले दोन गडी दुसऱ्या अंगाला होते. चौघं वाकले.

"पेन्शन अंगी लागलीय," पांड्या कण्हला.

खाट खांद्यावर चढली. साहेबाचं नाक टांगलेल्या विमानाला लागता लागता राहिलं. तो लहान पोरासारखा खुलला. "अगदी तसंच! अगदी तसंच नेलं होतं मला!"

"मस्त!" किंजल उलट्या पावलांनी पुढं पळत होती. "दारापर्यंत या! दारात थांबा, तिथं फोटो!"

दार आलं. लाहू थांबला नाही. तो थांबला नाही म्हणून बाकीचे तिघंही थांबले नाहीत. पायऱ्या उतरले, फाटकाबाहेर आले. "अरे, कुठं नेताय? लाहू! ए लाहू!" शेठ मागं धावत होता. साहेबानं दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या होत्या.

डांबरी रस्त्याच्या कडेला चौघांनी खाट खाली ठेवली. बोर्डीची एसटी धूळ उडवत बाजूनं गेली. लाहूनं खांद्यावरचा टॉवेल काढून घाम पुसला.

"रस्ता आला, साहेब," तो म्हणाला. "उतर आता. शुक्री कधीची थांबलीय."