दहापैकी दहा

तिसरा दगड उलटला, तोही कोरा. तिनं बोट फिरवून पाहिलं, नख लावून पाहिलं. एक किडा चिकटलेला असेल तर शपथ!

"सर, इथं काहीच नाही हो," ती म्हणाली.

सर तीस वर्षं ओढे तपासत आले होते, ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली. ओढ्याची तब्येत बघायची रीत साधी. दगडाखालचे बारीक किडे जाळीत धरायचे, पांढऱ्या ट्रेमध्ये मोजायचे. पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी हेच मरतात. आणि काम करायचं ते खालून वर चढत, नाहीतर आपल्याच पायांनी उठलेला गाळ आपल्या जाळीत यायचा.

म्हणून सकाळी आधी खालचा डोह झाला होता. तिथं जाळी अशी भरली की तिला हसू आवरेना. दोनशेच्या वर किडे! इतके तिनं जन्मात पाहिले नव्हते. दहापैकी दहा गुण लिहून ती मोकळी झाली. ओढा बघायला म्हणून मोठी नणंद आणि तिची सहा वर्षांची लेक सोबत आल्या होत्या. सारखं 'पाण्यात जाऊ का, पाण्यात जाऊ का' चाललं होतं पोरीचं.

"ताई, खुशाल उतरू द्या तिला," हिनं ऐटीत सांगितलं होतं. "माझी जबाबदारी."

आता सर काठाकडे बघत होते. तिनंही पाहिलं. वीसेक खेकडे भर उन्हात पाण्याबाहेर येऊन बसले होते. तिनं पाय आपटला, तरी एकही पाण्यात परत जाईना. ती वाकली, तसा फवारणीच्या औषधाचा उग्र वास थेट नाकात शिरला.

"कुणीतरी वरती औषध ओतलंय," सर म्हणाले.

"मग खाली एवढे किडे कसे?"

"ते तिथले नव्हतेच, बाई. पळत आलेले होते. औषध लागलं की दगड सोडतात आणि प्रवाहाबरोबर जमेल तेवढं खाली जातात. आपण त्यांच्या वाटेत जाळी धरली. मीही खुळ्यासारखा खूश झालो."

"आणि औषध? ते किती वेळात खाली पोचेल?"

सरांनी घड्याळ पाहिलं. तिनं जाळी टाकली आणि फोन काढला.

घंटी वाजत राहिली. बंद झाली. ती पळत सुटली. पुन्हा फोन लावला, पुन्हा नुसती घंटी. मेला फोन पिशवीत टाकून ठेवला असेल, दुसरं काय! शेवाळावरून पाय सटकला, गुडघा फुटला, उठली, पुन्हा पळाली. पोरीला पाण्यात डुबक्या मारायची सवय, तोंडात पाणी भरून चुळा उडवायची सवय. मीच उतरवलं तिला. ताईंनी दोनदा विचारलं होतं, नक्की ना, आणि मी हसले होते. देवा, तिला कंटाळा येऊ दे. थंडी वाजू दे. काठावर रुसून बसलेली असू दे.

वळण आलं. डोह अजून दिसत नव्हता. तिसऱ्यांदा लावलेला फोन उचलला गेला, आणि त्यातून आधी पाण्याचा छपछपाट ऐकू आला, मग पोरीचं खिदळणं.

"ताई..." तिनं तोंड उघडलं, पण धाप लागून पुढचा शब्द फुटेना.

"अगं, आहेस कुठं तू? लवकर ये, ही गंमत बघ!" नणंद हसत होती. "मासे आपणहून वर आलेत. पोरगी नुसत्या हातानं धरतेय!"