उकरलेली माय

मधुकरराव गुरुजींनी आदल्या दिवशी शाळेमागच्या टेकाडात एक फुटका माठ, बांगड्यांचे तुकडे आणि भट्टीत भाजलेला मातीचा बैल पुरून ठेवला होता. आज चौथीच्या पोरांनी तो ऐवज उकरून काढायचा आणि मोहेंजोदडोची माणसं कशी राहत होती ते आपल्या डोक्यानं सांगायचं, असा पाठ होता. गुरुजी नव्या शिक्षणाचे. घोकलेलं टिकत नाही, मातीत हात घालून शिकलेलं टिकतं, असं ते येताजाता म्हणत. त्यांचा नियम एकच होता. मध्येच ओरडायचं नाही, ज्याला उत्तर येतं त्यानं हात वर करायचा.

जिजाबाई शाळेची भिंत लिंपत होती. बाहेरून. आतल्या बाजूला गावातली मंदाबाई होती, कारण जिजाबाईचा हात आत चालत नसे. नागपूरला जाऊन बौद्ध झाल्याला दोन वर्षं होत आली, तरी गावाच्या लेखी तिचा हात जुनाच होता. पोरं खुरपी घेऊन नेमकी कडुनिंबाच्या बुडाशी बसलेली पाहिली आणि ती लिंपायचं थांबली. एवढं टेकाड पडलं होतं, पण गुरुजींना हीच जागा सापडावी!

आधी माठ निघाला, मग बैल. आणि मग तिच्याच सुलोचनानं हातभर खोलातून एक काळा दगड वर काढला. शेंदराचा पापुद्रा अजून शाबूत होता. एक डोळा चांदीचा, दुसरा लाल गुंजेचा.

ती जिजाबाईच्या घरची मरीमाय होती. दीक्षेहून परतल्यावर तिच्या नवऱ्यानं, हरिदासनं, साऱ्या वस्तीतले देव टोपल्यांत भरून धाम नदीत सोडले होते. घरची मरीमाय मात्र बायकोच्या हाती दिली, टाकून ये म्हणाला. तिनं टाकली नव्हती. भक्ती उरली होती असंही नाही, दीक्षेचे शब्द तिनं मनापासून उच्चारले होते. पण पटकीच्या साली जिच्यापुढं पदर पसरला, तिला नदीत भिरकावायची कशी? मेलेलं लेकरू पुरतात तशी तिनं ती या कडुनिंबाखाली पुरली आणि टाकली म्हणून घरी सांगितलं. चांदीचा एक डोळा मागं कधीतरी निखळला, तेव्हा लाखेनं ती गुंजही तिनंच बसवली होती.

सुलोचनानं डोळा ओळखला. तिनं आईकडे पाहिलं. जिजाबाईनं मान हलवली, नाही म्हणून. पोर शहाणी, दगडाची माती पुसत राहिली.

गुरुजींना मात्र आनंद मावेना. हे त्यांनी पुरलंच नव्हतं, म्हणजे खरंखुरं जुनं, शेकडो वर्षांचं. पोरांचा गलका ऐकून समोरच्या दुकानातून हिरालाल आला. कापसाचा व्यापारी, शाळेच्या कमिटीतला माणूस. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि मग देवी कोणाच्या हातात आहे ते पाहिलं.

"खाली ठेव, पोरी."

तिनं ठेवली. गोमूत्र आलं, देवी धुतली गेली. हिरालालनं काठीनं मातीत रेघ ओढली आणि वस्तीची पोरं रेघेबाहेर काढली. “शेठजी, हा पाठ आहे,” असं काहीतरी गुरुजी पुटपुटले. मोहेंजोदडोबद्दल बोलताना त्यांचा आवाज खणखणीत लागे. इथं तो लागला नाही.

"हा डोळा पाहा, गुरुजी," हिरालाल म्हणाला. "लाल हाय. माय कोपली हाय. लोकं आपला धरम सोडून राह्यले, तिले दिसत नसन का? आता इथंच ओटा बांधू."

जिजाबाईच्या अंगाची आग झाली. तो डोळा माझ्या हातचा आहे, एवढं म्हटलं असतं तरी हिरालालचं तोंड बंद झालं असतं. पण मग हरिदासलाही वस्तीत तोंड दाखवता आलं नसतं. लोकांचे देव बुडवले, आणि याच्या घरचा मातीत निघाला! तिनं चिखलाचा गोळा भिंतीवर थापला.

सुलोचना जवळ येऊन हळूच म्हणाली, "माय, थे आपली हाय नं?"

"नोहे. आपली राह्यती तं आपुन रेघेच्या आत नसतो का?"

गुरुजींना पाठ पुरा करायचा होता. ते रेघेच्या आतल्या पोरांना म्हणाले, "देवी इथे सापडली, म्हणजे तिला पुजणारी माणसं इथेच राहत असणार. मग ती गेली कुठे?"

पुरात गेली, एकजण म्हणाला. रोगात मेली, दुसरा म्हणाला. गुरुजींना ते पटेना. त्यांनी पुन्हा विचारलं.

सुलोचनानं आईकडे पाहिलं. हिरालालचा गडी नारळ घेऊन येत होता. आपण बसवलेली गुंज आता आपल्याच माणसांवर वटारलेली जिजाबाईला दिसत होती. हरिदास काय म्हणायचं ते म्हणो. तिनं मान हलवली, होय म्हणून.

सुलोचनानं हात वर केला, चांगला टाचा उंचावून.

गुरुजींची नजर पोरांवरून फिरत रेघेपलीकडे आली, त्या हाताशी थांबली. जिजाबाईनं ती थांबलेली पाहिली. मग गुरुजींनी हिरालालकडे पाहिलं आणि हातांची माती झटकली.

"कोणालाच ठाऊक नाही," ते म्हणाले.

नारळ फुटला. आतली पोरं खोबऱ्यासाठी धावली. सुलोचनाचा हात अजून वरच होता.