फलाट तिकीट

“फलाट तिकीट इथं नाही, काका. वर, कॉफीच्या दुकानाशेजारी,” दारावरचा शिपाई म्हणाला.

अच्युतराव लाडवांचा डबा सावरत सरकत्या जिन्याने वर गेले. लेकीकडे निघालेल्या अक्काची गाडी इथे सातच मिनिटं थांबणार होती आणि बहीणभावांची दोन वर्षांत भेट नव्हती. वर अत्तरं होती, बूट होते, पाय चेपणारी खुर्ची होती, तिकीट नव्हतं.

“ते कालच खाली हलवलं,” कॉफीवाली म्हणाली.

खाली मारुतीच्या शेपटासारखी रांग होती. तेवढ्यात गाडी आली.

“अहो, जा तसेच! कोण बघतंय?” पुढची बाई म्हणाली. पण जन्मात विनातिकीट पाऊल न टाकलेल्या अच्युतरावांचा पाय उचलेना. तिकीट हाती पडलं तेव्हा गाडी सुटली होती.

“आग लागो या स्टेशनाला!” आयुष्यात प्रथमच ते चारचौघांत ओरडले.

“ओरडू नकोस.” बॅग घेऊन समोर अक्का उभी होती. “तिकिटाशिवाय तू आत यायचा नाहीस, ठाऊक होतं. म्हणून उतरले. आता संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढ.”

“चल माझ्याबरोबर,” अच्युतराव पुन्हा रांगेकडे वळत म्हणाले. “रांगेतच बोलू. संध्याकाळपर्यंत नंबर लागेल.”