शेजारचा विस्तव

ठकूबाईच्या तेराव्याला पोलादपूरकडच्या त्या वाडीतल्या बायका जेवून ओटीवर टेकल्या आणि तिचे गुण गाऊ लागल्या. कुणाचं बाळंतपण तिने निभावलं होतं, कुणाचं भांडण मिटवलं होतं. शेजारच्या रंगूबाईला मात्र राहवेना.

"बाय सोन्यासारखी, पन चूल काय तिला राखता आली नाय," डोळे पुसत ती म्हणाली. "लेक मुंबैवरनं काडेपेट्या आणतो, तरी ही रोज सकाळी खापर घेऊन माझ्या दारात. इस्तव दे गो रंगू! मी निखारा द्यायचा, हिने बसून गावभरच्या गोष्टी सांगायच्या, तवर निखाऱ्याची राख. की पुन्ना दुसरा दे!"

बायका हसल्या. ठकूबाईची सून येसू तेवढी गोंधळली.

"पन मावशी, आमची चूल कदी इझलीच नाय. सासूबाय रोज निखारे राखंत पुरून ठेवायच्या. सकाळी चुलीवर पेज चढवूनच तुमच्याकडं यायच्या."

रंगूबाईने पुन्हा डोळ्यांना पदर लावला. "लबाड कुठली!" एवढंच पुटपुटत ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाईची चूल छान पेटली होती. तिने चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, खापर उचललं आणि शेजारच्या दारात जाऊन हाक मारली, "येसू, इस्तव दे गो! माझी मेलीची चूल इझली."

आणि निखारा येण्याआधीच ती ओटीवर ऐसपैस बसली.