आतली चौकट

"टेबल कुठं डगमगतंय?" सुतारबुवांनी विचारलं.

टेबलाकडे त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तेही दारातून. पण ते हलत नाही हे कळायला तेवढं पुरे होतं; त्यांचा डोळाच तसा. एकदा त्यांनी नुसतं रोखून पाहिलं आणि एक नवी कोरी भिंत शरमून सरळ झाली, असं त्यांचे सोबती शपथेवर सांगत. भिंत कुठली, ते मात्र दर वेळी बदलायचं.

सूनबाई खुर्चीतून उठली. ऑफिसातलं टेबल डगमगतंय, हत्यारं घेऊन या, असा सकाळी तिनंच फोन केला होता. वर्षभरानं सासऱ्यांनी पिशवीवरची धूळ झटकली होती. पिशवी डाव्या हातात होती. उजवा खिशात. तो आताशा खिशातच असायचा.

"टेबल ठणठणीत आहे, बाबा. थाप मारली. मला तुमचा हात हवाय. उजवा."

सुतारबुवांचे कान तापले. घरात या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. तो थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून चहा त्यांना गुपचूप अर्धा कपच मिळायचा. आणि इथं तर शेजारच्या खुर्चीत चष्मेवाला इंजिनियर बसला होता, चांगला परका माणूस.

"चारचौघांत माझा तमाशा करायला बोलावलंस होय?" ते दाराकडे वळले.

"ऐका तरी! उद्या दहा वाजता हे शाळांना जायचंय." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. दोन वर्षं ती आणि चष्मेवाला मिळून भूमितीचे प्रयोग करायचा प्रोग्राम लिहीत होते. पडद्यावर आकृती काढायची, कोपरा धरून वाटेल तिकडे ओढायचा, आणि काय बदलतं, काय हटून बसतं, ते मुलांनी आपलं आपण शोधायचं. "एका शाळेला आधी वापरून बघायला दिला होता. तिथली मुलं म्हणतात, आकृतीच्या आतली चौकट मध्येच वाकडी होते. आम्ही तीन आठवडे ओढतोय, एकदाही होत नाही. आमचे हात सुरळीत चालतात. लहान मुलांचे चालत नाहीत."

"आणि माझा."

"आणि तुमचा."

हे ती त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. वर्षभरात त्यांच्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. सुतारबुवांनी पिशवी खाली ठेवली.

पडद्यावर एक वेडावाकडा चौकोन होता. चारी बाजूंच्या मध्यावर एकेक ठिपका, आणि ठिपके जोडून आत दुसरी चौकट. सुतारबुवांनी हात खिशातून काढला, माउसवर ठेवला, कोपरा धरला. कोपरा जो नाचायला लागला! खडबडीत रस्त्यावरून रिकामी हातगाडी जावी तसा सगळा चौकोन खडखडत पडदाभर निघाला. चष्मेवाल्यानं भिडेखातर छताकडे नजर लावली.

"हा ठिपका मध्यावर नाही," सुतारबुवा म्हणाले.

"कुठला?"

"हा. सूतभर मागं राहिलाय. त्यानं आतल्या या दोन बाजू समांतर राहिल्या नाहीत."

चष्मेवाला छतावरून खाली आला. त्यानं आकडे काढून पाहिले. मग माउस ओढून घेतला आणि ओलं फडकं झटकावं तसा स्वतःचा हात झटकू लागला. ठिपका आपला बरोब्बर मध्यावर. त्यानं दात-ओठ खाऊन पुन्हा झटकला. ठिपका ढिम्म मध्यावर.

"तसं नाही जमायचं," सुतारबुवा म्हणाले. "त्याला चाळीस वर्षं रंधा मारावा लागतो."

दहा मिनिटांत चूक सापडली. फार पूर्वी चष्मेवाल्यानं एक नियम घातला होता. हालचाल अगदी बारीक असली, तर ती हाताची चूक समजायची आणि धरायचीच नाही. नंतर तीन बाजूंमधून त्यानं तो काढला. चौथीत राहून गेला.

"म्हणजे थरथर आली, की ही बाजू कानांवर हात ठेवून बसायची," तो ओशाळून म्हणाला.

"आमच्याकडं सगळं घर बसतं," सुतारबुवा म्हणाले.

सूनबाईनं त्या नियमाची ओळ खोडली. "पुन्हा, बाबा."

कोपरा पुन्हा नाचू लागला. या वेळी सुतारबुवांनी हाताला आवरलंच नाही. चौकोन रोडावला, फुगला, स्वतःवरच दुमडला. आतली चौकट त्याच्यामागं फरफटत लांबली, आखडली. पण समोरासमोरच्या बाजूंनी एकमेकींची साथ काही सोडली नाही. त्यांनी मुद्दाम हिसडे दिले. तरी नाही.

"खिळा कुठं मारलाय?"

"कुठंच नाही," सूनबाई म्हणाली. "बाहेरचा चौकोन कितीही वाकडा असू द्या. बाजूंचे मध्य जोडले की आतलं समांतरच राहतं."

"नेहमी?"

"नेहमी."

"चाळीस वर्षांत कुणी बोललं नाही," ते कुरकुरले. जणू सगळ्या गावानं मिळून ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

चष्मेवाल्यानं चहाची किटली आणली. सूनबाईनं ती त्याच्या हातून घेतली आणि सासऱ्यांचा कप स्वतः भरायला घेतला. अर्ध्यावर तिचा हात सवयीनं थांबला. मग तिनं किटली पुन्हा कलती केली आणि कप काठोकाठ भरला.

सुतारबुवांनी तो उजव्या हातानं उचलला. थोडा चहा बशीत गेला. उरलेल्यात वर्तुळं उठली, एकात एक, एकात एक. त्यांनी एक डोळा मिटून ती नीट तपासली.

"गोल आहेत," ते म्हणाले, आणि प्यायले.