उन्हात टिकणारा चेहरा

"हा चेहरा किती वर्षं टिकेल, काका?"

पेंटर परांचीवर बसून कपाळाचा रंग भरत होता. त्याने खाली पाहिलं. ज्याचा चेहरा तो रंगवत होता, त्या जवानाची बायको उभी होती. वय फार तर सव्वीस. जवान गेल्या वर्षी जळत्या इमारतीतून दोन मुलांना बाहेर काढून तिसऱ्यासाठी परत आत गेला, तो आलाच नाही. म्हणून अग्निशमन केंद्राच्या बाहेरच्या भिंतीवर त्याचं हे चित्र. केंद्राच्या साहेबांनी भाषण मोठं केलं आणि रंग मात्र स्वस्तातला पाठवला. मोठ्या माणसांचं असंच असतं.

पेंटरला खोटं बोलता येत नसे. त्यामुळेच तो धंद्यात मागे पडला होता. भिंत दिवसभर ऊन खाणारी आहे, त्याने सरळ सांगितलं. आधी लाल उडेल, मग पिवळा. कातडीचा रंग या दोघांचाच, म्हणजे चेहराच पहिला जाणार. गणवेशाचा निळा मागे राहील.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "काळ्या दगडावरची रेघ समज."

"तीन. नक्की ना?"

तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान खाली घालून निघून गेली. पेंटरचं काळीज हललं.

मग ती रोज यायला लागली. सासूबाईंचं औषध आणायला निघाले होते म्हणायची, पण पाय इथेच अडायचे. पावसाने रंग लवकर जातो का, डोळे आधी पुसट होतात की ओठ, असं काहीबाही विचारायची. समोरच्या दुकानातला घड्याळं दुरुस्त करणारा तरुणही एकदा येऊन तेच विचारून गेला. अख्ख्या गावाला या चेहऱ्याची काळजी, नाही ती फक्त साहेबांना. पेंटरला त्यांचा मनापासून संताप आला. त्याची स्वतःची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. तिचा एकुलता एक फोटो त्याने खिडकीत ठेवला आणि उन्हाने तो पांढराफटक करून टाकला. रंगाच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला एवढंही सुचू नये. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटी त्याने ठरवलं. कोणाला न सांगता झालेला चेहरा खरवडून काढला. साहेबांचा भडक लाल-पिवळा बाजूला सारला आणि गेरू, पिवळी माती असे मातीचे रंग आणले. माती जन्मभर उन्हातच पडलेली असते, ऊन तिचं आणखी काय वाकडं करणार? वर ऊन अडवणाऱ्या पारदर्शक लेपाचे दोन हात दिले. पदरमोड झाली, पण त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. कितीतरी वर्षांनी त्याला रात्री शांत झोप लागली.

अकराव्या दिवशी परांची उतरवली. ती आली तेव्हा तो हात पुसत उभाच होता. त्याने तिला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच.

"आता तीन वर्षांची भीती सोड, पोरी. गणवेश उडेल, पण पंचवीस वर्षं या चेहऱ्याला काही होत नाही."

ती हसेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती वर बघत राहिली.

"पावसानेही नाही?"

"पावसानेही नाही."

ती पायरीवर बसली. पेंटरने पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही.

"सासूबाईंनी मला शब्द दिलाय, काका," ती म्हणाली. "'भिंतीवरचा माझा मुलगा दिसेनासा होईपर्यंत थांब,' म्हणाल्या, 'मग तुझं दुसरं लग्न मी स्वतः लावून देईन.'"