फौजदाराच्या गोळ्या

डॉक्टरीणबाईंनी मागच्या पायाला हात लावला मात्र, फौजदार कळवळला. चावला नाही. तेरा वर्षांत तो कुणालाच चावला नव्हता. दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याची नुसती चौकशी करायचा, म्हणून तर कुत्र्याचं नाव फौजदार पडलं. आता तो दवाखान्यातल्या पत्र्याच्या टेबलावर आडवा होता आणि रंगाऱ्याची बायको त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून उभी होती.

"दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत ना, काका?"

"सकाळ-संध्याकाळ," रंगारी म्हणाला.

"पोटात जाते ना नीट? काही कुत्री गालात धरून ठेवतात आणि मागाहून थुंकतात."

"जाते ना. एकही वाया गेली नाही."

ते खरंच होतं. चार महिन्यांत एकही गोळी वाया गेली नव्हती. त्याआधी रंगारी परांचीवरून पडला होता, त्याची कंबर मोडली, सांधली, पण गोळ्या काही सुटल्या नाहीत. शेवटी त्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायचं साफ बंद केलं. नेमकं त्याच सुमाराला म्हाताऱ्या फौजदाराचं खुब्याचं हाड झिजलं आणि त्याच्यासाठी जे पाकीट घरात आलं, त्यावर औषधाचं नाव तेच होतं. पहिले काही दिवस रंगाऱ्याने इमानदारीत वाटणी केली. एक तुला, एक मला, असं तो कुत्र्याला सांगायचासुद्धा. पंधरवड्यात ती वाटणीही संपली.

"मग आता माझ्या हातात काही उरलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीनदा डोस वाढवला. एवढं देऊनही दुखणं थांबत नसेल तर त्याला असं ठेवू नये. इंजेक्शन दिलं की झोपेल, त्याला कळणारही नाही." त्यांनी खणातून एक कागद काढून रंगाऱ्यापुढे ठेवला. "इथे तुमची सही लागेल."

बायकोने फौजदाराच्या कानामागे हात फिरवला. "करा हो सही. पोत्यावर घालून अंगणात नेते तर ओरडतो. मी जवळ गेले की आता घाबरतो मला. नाही बघवत."

रंगाऱ्याने पेन उचललं. सांगून टाकावं, त्याला वाटलं. एका वाक्याचं तर काम होतं. याला गोळी मिळालेलीच नाही, बाई. वाक्य अगदी ओठांवर आलं. मग बायको कशी बघेल ते त्याला दिसलं. आणि त्याच्याही आधी, लाज वाटावी इतकं आधी, पाकिटाशिवायची उद्याची सकाळ दिसली. भिंतीला धरून उभं राहणं, घामाने भिजलेला बनियन, पोटात उठणारे पिळे.

"याच्याहून जोरदार गोळी देऊन बघितली तर?" तो म्हणाला. "एकदा."

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला. "वेदनेचं एक इंजेक्शन देऊन बघते. त्याने गुण आला तर बोलू."

तिघंही टेबलाभोवती उभी राहिली. हळूहळू फौजदाराचा श्वास सैल झाला. आखडून धरलेले पाय सुटले. थोड्या वेळाने त्याने आपणहून मान उचलली, तो वाटीभर पाणी लपालपा प्यायला आणि खोलीतल्या एकेकाकडे असा बघू लागला, जणू इथे कुणी कुणी आणि कशासाठी यायचं ठरवलं याचा जबाब घ्यायचा आहे. बायको हसली आणि हसता हसता रडायला लागली. रंगाऱ्याने खिडकीबाहेर नजर वळवली. त्याचा जीव होता या कुत्र्यावर, अगदी खरा जीव होता, आणि चार महिने त्याला काय सोसावं लागलं ते समोर पाण्याच्या वाटीशी पडलेलं होतं.

"औषध लागू पडतंय की," डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडून म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी लिहिली, कपाटातून पाकीट काढलं. "ही गोळी कडक आहे. सांभाळून. आठ दिवसांनी परत आणा. तेव्हाही असाच ओरडत असेल तर मात्र, काका, सही करा. आपल्या मायेपायी त्याचे हाल नकोत."

सही न झालेला कागद त्यांनी फाईलला लावून ठेवला.

फौजदाराला उचलून रंगाऱ्याने टेम्पोत, रंगाच्या रिकाम्या डब्यांमधे निजवलं. बायको मागोमाग आली. पदराने डोळे पुसत तिने नवऱ्याच्या दंडाला धरलं.

"तुमच्यामुळे वाचला. मी तर हात टेकले होते."

रंगाऱ्याला भडभडून आलं. आजपासून एकूण एक गोळी याची, त्याने मनाशी शपथ घेतली, आणि अगदी मनापासून घेतली. याआधीच्या शपथाही त्याने मनापासूनच घेतल्या होत्या.

"आणा ते पाकीट इकडे," बायको म्हणाली. "आजपासून मीच देत जाईन. तुमच्या कामाच्या गडबडीत एखादी चुकायची." तिने तळहात पुढे केला.

रंगाऱ्याने त्या हाताकडे पाहिलं. त्यात पाकीट ठेवलं असतं तर सगळंच मिटत होतं. फौजदार डब्यांमधून त्याच्याकडे बघून शेपटी हलवत होता.

"राहू दे," त्याने पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात घातलं. "तुझ्या हातून नाही घ्यायचा तो."